वेलीतलं उलटं पान

१

चांदीच्या वेलीवर काळे पट्टे होते. तिरके, बोटाच्या पेराएवढे रुंद आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर. दोन पट्ट्यांच्या मधली वेल पांढरी होती आणि त्या पांढऱ्या जागेतच रक्त वाळलं होतं. जिथं काळं, तिथं रक्त नाही. जिथं रक्त, तिथं काळं नाही. सहायक पोलीस निरीक्षक प्रियदर्शनीनं मुठीवरून भिंग पुन्हा एकदा फिरवलं, पण दोघांची गाठ कुठंच पडत नव्हती.

सुरी अजून सुंदररावांच्या बरगडीत होती.

धारूर-केज रस्त्यालगत गावपुढारी सुंदररावांचा आखाडा होता. शेतातलं घर, पुढं पडवी, पडवीत बाज. बाजेच्या सुंभातून रक्त खाली ठिबकून शेणानं सारवलेल्या जमिनीवर थारोळं झालं होतं. पोटात वार होते, गळ्याशी होते. एक तळहातातून आरपार गेला होता, म्हणजे म्हाताऱ्यानं हात आडवा घातला होता. शेवटचा वार बरगडीत, मुठीपर्यंत.

"आतडी बाहेर आल्यात, मॅडम," हवालदार बिभीषण तोंडाला रुमाल लावून म्हणाला. "बघवंना."

"मूठ बघा," प्रियदर्शनी म्हणाली. "सगळी धातूची आहे. काळं केलेलं पितळ, त्यावर उठावाची वेल. उठाव असला तरी पॉलिशनं निसरडी. एवढं रक्त सांडलं, एवढे वार झाले, तरी मारणाऱ्याचा हात घसरून पात्यावर गेला नाही. कसा गेला नाही?"

 उत्तर पडवीच्या पायरीवरून आलं.

"त्यात बघायचं काय, मॅडम? सुरी कुणाची ते बारकं लेकरूबी सांगंल."

राधाकिशन आत आला. पांढरे कडक कपडे, उजव्या मनगटावर सोनेरी घड्याळ, काखेत काठी. वीस वर्षं सुंदररावांच्या सावलीत वावरलेला माणूस. सभेत त्यांची खुर्ची पुसणारा, बाहेर त्यांच्या नावानं बोलणारा. डोळे रडून लाल झाले होते.

"मुनव्वर कल्हईवाल्याच्या घरची हाय. साहेबानं दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी करून घेतली. दुसऱ्या दिशी त्याचं पोरगं, वासिफ, मोबाइलवर फोटू काढायचे म्हणून आलतं. ते गेलं आन् सुरीबी गेली. साहेबानं भर बाजारात त्याच्या थोबाडीत दिली. चोर म्हणले. त्याचा ह्यो बदला." त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि डोळे पुसले. "पोरं खवळल्यात, मॅडम. मी लई आवरलं. पर आता माझ्यानं आवरत न्हाई."

"कुठं आहेत पोरं?"

"स्टँडावर," राधाकिशन म्हणाला. "वासिफ गावला त्यास्नी."

२

धारूरच्या स्टँडवर गाडी पोचली तेव्हा वासिफ रसवंतीच्या बंद पडलेल्या चरकाखाली आडवा पडला होता. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. एकजण त्याच्या मनगटावर पाय देऊन उभा होता. दुसऱ्याच्या हातात दगड होता आणि त्या दगडाला कातडी चिकटली होती.

"ह्याच हातानं मारलंस ना बे?"

प्रियदर्शनीनं बोलत बसण्यात वेळ घालवला नाही. बिभीषणची काठी हिसकून तिनं दगडवाल्याच्या गुडघ्यावर घातली. हाड वाजलं. मनगटावरचा पाय आपोआप निघाला. बाकीचे चार पावलं मागं सरले, तेवढ्यात तिनं आणि बिभीषणनं पोराला उचलून गाडीत घातलं. कुणीतरी मागून वीट भिरकावली, ती मागच्या काचेतून आत येऊन सीटवर पडली.

वासिफच्या उजव्या हाताची बोटं बोटांसारखी दिसत नव्हती. तो ओरडत नव्हता. दात वाजत होते.

"म्या न्हाई नेली सुरी," तो म्हणाला. "फोटू काढला, पाटावर ठिवली, गेलो. खुदा कसम."

"घरात कोण कोण होतं?"

"घरचे. सायबाचा पुतण्या अंगद. सोमेश्वर मुकादम. राधाकिशनकाका. समद्यांनी हातात घेऊन बघितली." त्याची शुद्ध हरपू लागली होती. "मॅडम... सुरी आपाला दाखवा. रुबीनाआपाला. तिची नजर..."

पुढचं काही आलं नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला आणि मान हलवली.

वरून फोन आला. आवाज थकलेला होता. "प्रियदर्शनी, माणूस तुमच्या ताब्यात आहे. सुरी त्याच्या घरची, भांडण साऱ्या गावानं पाहिलेलं. उद्या त्याच्या नावानं कागद करा, गाव शांत होऊ द्या."

"उद्यापर्यंत वेळ आहे ना, सर?" तिनं विचारलं आणि फोन ठेवला.

३

मुनव्वरचाचांचा कारखाना किल्ल्याच्या उतारावर होता. पुढं भट्टी आणि ऐरण, मागं एक बुटकी खोली. तीन पिढ्यांमागं हे घर भांड्यांना कल्हई करत गावोगाव फिरायचं. स्टीलची भांडी आली आणि कल्हई संपली, तेव्हा चाचांनी सुऱ्या घडवायला घेतल्या. आता पुण्या-बंगळूरचे शौकीन लोक वर्षभर वाट बघून त्या घ्यायचे.

प्रियदर्शनी उंबऱ्यात आली तेव्हा आतून आवाज आला, "पायात रबर हाय का? मग बाहेर काढा. तिकडं, भिंतीपाशी."

"रुबीना!" चाचा ओशाळले. "पोलीस हायेत, बेटा."

"पोलिसाच्या बुटाला काय वेगळं रबर असतंय का?"

प्रियदर्शनीनं बूट काढून भिंतीपाशी ठेवले. रुबीना तिशीची असावी. डोळे सुजलेले, पण हात स्थिर. तिच्यापुढं झाकणाचा पत्र्याचा डबा होता. झाकणाला आतून सुती दोऱ्यानं एक पितळी मूठ टांगलेली होती.

"हे काय चाललंय?"

"तळाला नवसागर आन् चुना. थोडं पाणी टाकलं की वाफ सुटती, नाकात झोंबती ती. त्या वाफंनं पितळ काळं पडतं. चांदीला काय होत न्हाई. म्हणून वेल पांढरी राहती, जमीन काळी." ती बोलता बोलता थांबली. "माझा भाऊ जगंल का?"

"जगेल. हाताचं सांगता येत नाही."

चाचा ऐरणीवर बसले. त्यांच्यामागं भिंतीतल्या कोनाड्यात लाल फडक्यात गुंडाळलेली लोखंडी छाप होती. प्रत्येक पात्यावर शेवटी उमटायची ती. तिकडं पाहत ते पुटपुटले, "गाव इचारतंय, छाप कुणाला देणार. मी म्हणायचो, बघू. अजून किती बघणार, अल्ला जाणे."

रुबीनानं तिकडं पाहिलंही नाही.

प्रियदर्शनीनं मोबाइलवर मुठीचा फोटो मोठा करून तिच्यापुढं धरला. रुबीनानं तो जवळ घेतला, मग दूर धरला.

"सुरी आमचीच. ही बघा खूण." वेलीची सगळी पानं वरच्या बाजूला वळलेली होती. खालून पाचवं तेवढं उलटं, मुळाकडं वळलेलं. "हरेक सुरीत मी एक पान उलटं लावते. दर सुरीत जागा येगळी. आमच्यातलं कुणाला म्हाईत न्हाई."

"का लावता?"

"छाप माझी न्हाई ना," रुबीना एवढंच म्हणाली. मग तिचं बोट काळ्या पट्ट्यांवर आलं आणि थांबलं. "हे काळं माझं न्हाई."

"तुम्ही काळं करता ना?"

"मी पितळ काळं करते. ही चांदी काळी पडली. चांदीला काळं करायचं तर गंधक लागतं. गंधक आमी ह्या घरात आणत न्हाई. आन् असं पट्ट्यापट्ट्यानं कोण करंल, कावून करंल?"

प्रियदर्शनी उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या आपल्या बुटांकडं पाहत राहिली. तिनं कॉलेजात तीन वर्षं रसायनशास्त्र वाचलं होतं. गाडीचं टायर, सायकलची ट्यूब, चपलेचा तळ: रबर पक्कं करायला त्यात गंधक घालतात. तेच गंधक चांदीला लागलं की चांदी काळी पडते. एका दिवसात नाही, पण घट्ट आवळून उन्हात तापत ठेवली तर थोड्या दिवसांत पडते.

"रबर," ती म्हणाली. "कुणीतरी ही मूठ रबराच्या पट्टीनं गुंडाळून ठेवली होती."

"ह्या घरातलं माणूस? मरंल पर चांदीला रबर लावणार न्हाई." रुबीनानं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "वासिफ पाच वर्षांचा असताना रबरी चेंडू घेऊन आत आलता, तर अब्बूनं चेंडू भट्टीत टाकला."

४

पट्ट्यांमधल्या रक्ताचा अर्थ आता सरळ होता. मारताना रबर मुठीवर होतं. म्हणून हात घसरला नाही. म्हणून रबराखाली रक्त गेलं नाही, मधल्या फटींतच गेलं. आणि सगळं उरकल्यावर मारणाऱ्यानं बाजेजवळ उभं राहून, मेलेल्या माणसाच्या बरगडीत रुतलेल्या सुरीवरून ती पट्टी वेढा-वेढा करत सोडवून घेतली. सुरी मात्र ठेवून गेला. ती सापडायला हवी होती. ती वासिफकडं बोट दाखवणार होती.

पण काळे पट्टे त्याला दिसले नसतील? दिसले असणार. प्रियदर्शनीच्या मनात आलं, दिसले, पण ते डाग आहेत हे त्याला कळलं नाही. या सुऱ्यांवर काळं काम असतंच, त्यातलंच हेही असेल, असं तो समजला.

संगीताबाई, सुंदररावांच्या पत्नी, माजघरात बायकांच्या गराड्यात बसल्या होत्या. बाकीच्यांना बाहेर काढल्यावर त्यांनी पदर तोंडावरून काढला. त्यांच्या गालावर जुना, पिवळा पडत आलेला वळ होता.

"देवमाणूस होते असं समदे म्हणतेत," त्या म्हणाल्या. "मीबी म्हणते. पर हात आन् तोंड दोन्ही सैल. अंगदला फुकट्या म्हणायचे, सोमेश्वरला चोर, राधाकिशनला कोयत्या. दसऱ्याच्या दिशीच चार लोकांत राधाकिशनला म्हणले, अवंदा तिकीट अंगदला. तू कोयत्या, तू खुर्ची पुस. लोक लई हसले."

"राधाकिशन काय म्हणाले?"

"तोबी हसला."

अंगद गोठ्यामागं मोटारसायकलवर बसून सिगारेट ओढत होता. चुलता गेल्याचं दुःख त्याला होतं की नाही कळत नव्हतं, भीती मात्र होती.

"मला काय पडलंय मारायची? समदं मलाच मिळणार होतं," तो म्हणाला. "आन् मी चाकू धरलेला बघितलाय का कुणी? मला कांदा चिरता येत न्हाई. इचारा चुलतीला."

त्याचे तळवे मऊ होते, मुलीच्या गालासारखे. एवढे वार त्या हातांनी केले असते तर फोड आले असते.

राहिला सोमेश्वर मुकादम. दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना निघायच्या. त्याच्या अंगणात वीसेक बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर कोयता होता. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या मुठींना वेढत होत्या, घामानं हात सटकू नये म्हणून. वेढ्यांत बोट बसेल एवढं अंतर. शेवटी दोन वेढे एकावर एक आणि टोक आत खोचलेलं. गाठ नाही, गाठीनं तळव्याला फोड येतो.

प्रियदर्शनी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. तिची आईही असंच करायची. साताऱ्याकडच्या कारखान्यावर, पाचटाच्या कोपीपुढं, त्या बुटक्या झोपडीच्या दारात बसून. आणि हंगाम संपला, कोयत्याची मूठ मोडली, तरी पट्टी सोडवून पुढच्या मुठीला लावायची. चांगली ट्यूब फेकायची म्हणजे अन्न फेकल्यासारखं.

तिनं मोबाइल काढला. सुरीवरचे काळे पट्टे, दोघांमधलं बोटभर अंतर. मुठीच्या टोकाशी दुप्पट रुंदीचा काळा पट्टा, दोन वेढे एकावर एक. गाठीची खूण नाही.

ही पट्टी कोयता धरलेल्या हातानं गुंडाळली होती.

"मॅडम, माझ्याकडं असं कावून बघता?" सोमेश्वरचा आवाज चिरका झाला. "माझं साहेबाशी भांडण व्हतं, कबूल. चोर म्हणायचे मला. पर म्या त्या दिशी केजला व्हतो, जीपवाल्याला इचारा."

"हे गुंडाळून दाखवा." तिनं एक उघडा कोयता त्याच्यापुढं केला.

सोमेश्वरनं पट्टी घेतली. बोटांना काम माहीत होतं. चार वेढे घातले. प्रियदर्शनीनं पातं वर करून कोयता धरला. पट्टी डावीकडून उजवीकडं चढत गेली होती. अंगणातल्या सगळ्या कोयत्यांवर तशीच.

सुरीवर ती उजवीकडून डावीकडं चढत होती.

तिच्या आईच्या टोळीत जनाक्का नावाची एक बाई होती. ढिगातून तिचा कोयता लांबूनच ओळखता यायचा. वेढे उलटे पडायचे. जनाक्का डावखुरी होती.

"मुकादम," तिनं सावकाश विचारलं, "तुमच्यातलं डावखुरं कोण आहे? आता नसेल जात, पण कधीकाळी ऊस तोडलाय असं?"

सोमेश्वर तोंड उघडणार तोच बिभीषण पळत आला. "मॅडम, चला! राधाकिशन पन्नास-साठ माणसं घेऊन मुनव्वरच्या कारखान्यावर निघालाय. रॉकेलचे डबे हायेत बरोबर."

५

ते पोचले तेव्हा दारावर दगड पडत होते. कौलं फुटत होती. मुनव्वरचाचा दारात उभे होते. कपाळ फुटून एक डोळा रक्तानं मिटला होता, तरी चौकट सोडत नव्हते. त्यांच्यामागं रुबीना घण घेऊन उभी होती.

"भाईर निघ बे म्हाताऱ्या! न्हाईतर आतच जळशील!"

एकानं भिंतीवर रॉकेल फेकलं. प्रियदर्शनीनं हवेत गोळी झाडली. गर्दी दचकून थांबली, पण पांगली नाही. एक दगड तिच्या खांद्यावर लागला, तिचा डावा हात बधिर झाला. ती चालत गर्दीतून आत गेली आणि दाराकडं पाठ करून उभी राहिली.

समोर राधाकिशन होता. त्यानं काठी उगारली होती. डाव्या हातात.

काठीच्या मुठीला काळ्या ट्यूबची पट्टी होती. वेढ्यांत बोटभर अंतर. टोकाला दोन वेढे एकावर एक. पट्टी उजवीकडून डावीकडं चढत होती. सकाळी आखाड्यावर हीच काठी भिंतीला टेकलेली होती आणि प्रियदर्शनीनं तिच्याकडं बघितलं नव्हतं.

"बाजूला व्हा, मॅडम," राधाकिशन म्हणाला. "आमच्या साहेबाचं रक्त सांडलंय."

"ती काठी द्या."

"काय?"

"काठी. पट्टी नवीन दिसते मुठीवर. कधी गुंडाळली?"

क्षणभर त्याचा चेहरा रिकामा झाला. मग काठी खाली आली. तिनं वार हातावर घेतला, मनगटाच्या हाडात कळ शिरली, पण काठी तिनं धरली होती. तो ओढत होता, ती सोडत नव्हती. तो तिच्या पोटात लाथ घालणार इतक्यात बिभीषणनं मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघं धुळीत पडले. राधाकिशन लाथा झाडत होता, बिभीषणच्या हाताला चावत होता. सकाळचं कडक पांढरं धोतर गुडघ्यावर आलं होतं. पोटरीवर, घोट्याच्या वर, पांढरा आडवा व्रण होता. ऊस तोडताना कोयता निसटला की होतो तसा. प्रियदर्शनीच्या आईच्या पायालाही तो होता.

"चाचा, एक स्वच्छ कापड आणा," ती म्हणाली. मग गर्दीकडं वळली. इतका वेळ पुस्तकी बोलत होती, ते सुटलं. "थांबा समदे. बघून जावा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आया टोळीला जातेत. माझीबी गेलती. तुमाला सांगायला नको, ट्यूबची पट्टी कोण फेकतं का?"

 मागून एक म्हातारा म्हणाला, "न्हाई फेकत कुणी."

"ह्यानंबी न्हाई फेकली. मारलं, पट्टी सोडली, वरून धुतली आन् काठीला लावली. हात जातो सवयीनं. सवय लपवता येत न्हाई." तिनं दुखऱ्या हातानं टोक सोडवलं आणि पट्टी उलगडून कापडावर उताणी पसरली. "ही आतली बाजू. इकडं बघा."

रबर बरेच दिवस उठावाच्या नक्षीवर आवळलेलं होतं, कुठंतरी उन्हात तापलं होतं. त्यावर वेल उमटली होती. खोल, स्पष्ट. देठ, पानं. कडांना, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथं तपकिरी रेघा होत्या. पट्टी मुठीवर होती तशी तिरकी जुळवली तेव्हा पानं एकापाठोपाठ एक लागली.

रुबीना घण टाकून पुढं आली. तिनं गुडघे टेकले आणि बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. सगळी वर वळलेली.

"पाचवं," ती म्हणाली. "उलटं."

प्रियदर्शनीनं मोबाइलवरचा सुरीचा फोटो शेजारी धरला. पुढच्या ओळीतली माणसं वाकून पाहत होती. ज्यानं रॉकेल फेकलं होतं, त्यानं डबा हळूच खाली ठेवला.

"असं उलटं पान हरेक सुरीत येगळ्या जागी असतं. ही पट्टी ह्याच सुरीला व्हती, दुसऱ्या कशाला न्हाई. वासिफ उजव्या हातानं काम करतो, त्याचा उजवा हात तुमीच ठेचलाय. ही डावखुऱ्याची गुंडाळी हाय." ती राधाकिशनकडं वळली. "एकेकाळी ऊस तोडला म्हणून सुंदररावांनी तुमाला कोयत्या म्हणलं तवा लोक हसले. तुमीबी हसलात. दुसऱ्या दिशी वासिफ गेल्यावर पाटावरची सुरी उचलली. संशय वासिफवर जाईल हे तुमाला ठाऊक व्हतं."

राधाकिशन धुळीत पालथा पडला होता. बिभीषणचा गुडघा त्याच्या पाठीत होता. त्यानं मान वळवली, ओठ फाटून तोंडात माती गेली होती.

"वीस वर्षं," तो म्हणाला. "वीस वर्षं त्याची खुर्ची पुसली. कोयत्या म्हणायचा. आन् मरताना काय म्हणला म्हाईत हाय?" तो हसला, दातांवर रक्त होतं. "राधाकिशनराव म्हणला. पहिल्यांदा राव म्हणला."

सोमेश्वर गर्दीच्या मागं उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. लोक एकेक करून, एकमेकांकडं न बघता, उतरणीला लागले.

६

अंबाजोगाईच्या दवाखान्यात वासिफ बसता झाला होता. उजव्या हाताचं मोठं गाठोडं छातीवर बांधलेलं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली होती, तिसऱ्याचं नक्की नव्हतं. त्याच्या खाटेशी पोलीस नव्हता. प्रियदर्शनीनं सकाळीच हवालदाराला परत बोलावलं होतं आणि स्वतः सांगायला आली होती. तिचाही हात गळ्यात होता.

"म्हणजे मी सुटलो?" वासिफनं विचारलं.

"तुम्ही कधी अडकलाच नव्हतात. आम्ही अडकवलं होतं."

"बरंय, मॅडम. एका हाताचे दोघं झालो." तो हसायला गेला आणि कळ येऊन थांबला.

मुनव्वरचाचा खुर्चीत होते. डोक्याला पट्टी, एक डोळा झाकलेला. रुबीना खिडकीशी संत्रं सोलत होती. चपला तिनं सवयीनं वॉर्डाच्या बाहेर काढल्या होत्या, यावरून वासिफ तिला सकाळपासून चिडवत होता.

चाचांनी कुडत्याच्या खिशातून लाल फडकं काढलं आणि मांडीवर ठेवलं. आतलं लोखंड जड होतं, फडकं मांडीवर खोलगट बसलं.

वासिफनं आधी फडक्याकडं पाहिलं, मग आपल्या हाताच्या गाठोड्याकडं.

"अब्बू," तो म्हणाला, "मला घण उचलता येणार न्हाई आता. आता तरी बोला."

"तुझा हात गेला म्हणून बोलतोय, असं कुणी समजू नका." चाचा म्हणाले. "ते उलटं पान मला पहिल्या सुरीपासून दिसतंय. पहिल्या सुरीपासून. मी म्हणलं, बघू, पोरगी कवा सांगती. ती म्हणली असंल, बघू, अब्बू कवा बोलतेत. गावाला काय सांगू, बिरादरीला काय सांगू, ह्यातच वर्षं गेली. बोललो असतो तर तिला पान लपवावं लागलं नसतं." त्यांनी फडक्याची घडी सारखी केली. "आन् लपवलं नसतं तर आज तू फासावर गेला असतास. हेबी खरंच. अल्लाचा हिशेब आपल्याला कळत न्हाई."

रुबीनाच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं राहिलं होतं. ती मागं वळली नव्हती.

चाचा उठले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले, मग ती सोडली. फडकं त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. वॉर्डातले दोन-तीन पेशंट बघत होते, दारातली नर्स थांबली होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले,

"छाप रुबीनाची."